टॉवेलाखालचा हात

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. बैलाच्या आडोशाला दोन माणसं उभी राहतात, एकजण खांद्यावरचा टॉवेल काढतो, दोघांचे उजवे हात त्याखाली जातात आणि पुढचं सगळं बोटांत होतं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. गोष्ट हजारांची आहे की शंभरांची, ते वरून एखादा शब्द टाकून कळवायचं. भोवती कितीही माणसं असली तरी भाव त्या दोघांनाच माहीत. तिसऱ्याने विचारायचा नसतो, आणि टॉवेलाला हात तर लावायचाच नसतो.

जळकोट तालुक्यातला संगमेश्वर हुडगे ही भाषा शाळेत असतानाच शिकला. शिकवणारे त्याचे वडील महादेवप्पा. ते आयुष्यभर दलाली करत आले. देवणी आणि लाल कंधारी या दोन जातींच्या जनावरांत त्यांचा शब्द चालतो. पोराच्या हातावर त्यांचा फार भरवसा होता. "हाताला हात लागला की समोरच्याचं पोट कळतं त्याला," असं ते चहाच्या टपरीवर सांगायचे.

संगमेश्वर आज छत्तिशीत आहे. सत्ताविसाव्या वर्षी तो बदलायला लागला. मुलगी सृष्टी तेव्हा रांगत होती. तो कमी बोलायला लागला, अंघोळ टाळायला लागला, गोठ्यात जनावरांपाशी बसून राहायला लागला. घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. शेतकऱ्याच्या घरात गप्प बसणाऱ्या पुरुषाला कुणी आजारी म्हणत नाही.

मग बाजारात तो लांबून दुसऱ्यांचे सौदे सांगायला लागला. समोर टॉवेल हलताना दिसला की वडिलांच्या कानाशी येऊन म्हणायचा, "त्या गोऱ्ह्याचं सहावर ठरलं." यातले काही आकडे बरोबर निघाले. ज्याने जन्मभर जनावरं आणि माणसं पाहिली आहेत त्याचे काही अंदाज बरोबर निघणारच. पण बाजाराला ते अंदाज वाटले नाहीत. चाकूरकडचा हरिओम नावाचा तरुण दलाल त्याला आपल्याबरोबर फिरवायला लागला. "याला टॉवेलातून दिसतंय," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. महादेवप्पांनाही वाटलं, हाताचं कसब आता डोळ्यांत उतरलं. तो पूर्ण हंगाम एका आजाराला सगळा बाजार हुशारी समजत राहिला.

घरी त्याची बायको अंबिका वेगळं पाहत होती. तिचं माहेर देगलूरकडचं. नवरा रात्र रात्र जागा असतो हे तिला माहीत होतं. एसटीत कंडक्टरने तिकिटांच्या बॅगेत हात घातला की तो आकडा सांगायचा. शेजारीण पदराखाली हात घेऊन दारात बोलत उभी राहिली की हा घरातून तिच्या पदराकडे बघत राहायचा. झाकलेला हात दिसला की तिथे सौदा चालू आहे, एवढं त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. सौदा कशाचा, ते त्याने बरेच दिवस सांगितलं नाही.

महादेवप्पा रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. पूजा झाली की ते वस्त्रात गुंडाळून पुन्हा गळ्यात घालतात. एका सकाळी ते वस्त्र गुंडाळत असताना संगमेश्वर उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"किती बोटं दिली, अप्पा?"

"कुणाला रं?"

"त्यांना. मला कितीला देऊन राहिले तुम्ही?"

महादेवप्पा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. पुढच्या बाजारात त्यांनी ती सगळ्यांना सांगितली, आणि बाजारही हसला. आपण हसलो होतो, हे ते आजही कुणी न विचारता सांगतात.

ती थट्टा नव्हती. आपल्याला विकायला काढलं आहे, गावोगाव टॉवेलाखाली, पदराखाली, शालीखाली आपलाच भाव चालू आहे, असं संगमेश्वरला दिसत होतं. एक आवाजही येत होता. पुरुषाचा, ओळखीचा नसलेला. तो फार बोलायचा नाही. "अजून एक बोट," एवढंच म्हणायचा. गोठ्यात, रस्त्यात, जेवताना.

पुढे एका बाजारात दोन म्हाताऱ्या दलालांचा सौदा रंगात आला असताना संगमेश्वरने मधला टॉवेल ओढून काढला. असं कुणी केल्याचं त्या बाजारात कुणाला आठवत नाही. दोन सुरकुतलेले हात सगळ्यांसमोर उघडे पडले, एकाने दुसऱ्याची तीन बोटं धरलेली. "आता बोला की तोंडानं!" तो ओरडला. "मला कोण घेऊन राहिलं ते बोला!" लोकांनी त्याला धरलं आणि टेम्पोच्या फाळक्याला कासऱ्याने बांधलं. कासरा महादेवप्पांनी सोडला. तेव्हा तो शांत होता. वडिलांच्या हातांकडे बघत होता.

नंतरचे काही महिने बाहेरचं बघण्यात गेले. अंगारे झाले, एका ठिकाणी नारळ झाले, एकाने घराचं दार बदलायला सांगितलं तेही झालं. शेवटी गावातल्या आशाताईंनी अंबिकाला लातूरच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला. मानसोपचार विभागात डॉ. मंजुश्री हलकुडे होत्या. त्यांनी संगमेश्वरशी बराच वेळ बोलून अंबिकाला आत बोलावलं आणि आजाराचं नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया.

अंबिकाने ते नाव टीव्हीवर ऐकलं होतं. तिने विचारलं, "म्हंजे यांच्यात दोन माणसं हायत का, म्याडम?"

"एकच आहे. दोन माणसं असतात हे सिनेमातलं," डॉक्टर म्हणाल्या. "रस्त्यात कुणी हसलं तर आपल्यालाही क्षणभर वाटतं, मला हसला का. मग ते जातं. यांचं जात नाही. प्रत्येक गोष्ट आपल्याचसाठी केलेली खूण वाटायला लागते. बाहेर कुणी बोलत नसतं, तरी यांना आवाज खरोखर ऐकू येतो. ढोंग नसतं ते."

"पर टॉवेलच का?"

"आजार ज्याच्या त्याच्या घरातलंच सामान वापरतो. मास्तर असते तर फळ्यावर दिसलं असतं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या आजारात काही गोष्टी नव्याने येतात, संशय, आवाज. आणि काही गोष्टी माणसातून जातात, बोलणं, हौस, काही करावंसं वाटणं. आलेलं बहुतेक वेळा गोळ्यांनी जातं. गेलेलं सावकाश येतं, आणि कधी कधी सगळं येत नाही. अंबिका म्हणते, त्या दिवशी तिने पहिला भाग तेवढा ऐकला.

आवाज काही महिन्यांत थांबला. झाकल्या हातांची भीतीही गेली. संगमेश्वर घराच्या ओट्यावर बसायला लागला. सांगितलं तर अंघोळ करायचा, सांगितलं तर जेवायचा, गोठ्यात जा म्हटलं तर जायचा आणि शेण तसंच ठेवून परत येऊन बसायचा. गावाने तो बरा झाल्याचं ठरवून टाकलं.

"आता काई तरास न्हाई की बाई तुला," शेजारीण म्हणाली.

"तरास द्यायला बी माणूस लागतंय, काकू," अंबिका म्हणाली.

तिने एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. त्याने पुरती भाकरी त्या भाजीशी खाल्ली आणि हात धुतला. पुढे ती अधूनमधून ही परीक्षा घ्यायला लागली. तो दर वेळी जेवून उठायचा. पंचमीला सृष्टी झोक्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हा तो समोर बसला होता. पोरीकडे बघत होता, पण उठला नाही. शेजारच्यांनी तिला उचललं. त्याला काही वाटलं नाही का, असं अंबिकाने रात्री विचारलं. तो म्हणाला, "बैलाच्या शिंगाला हात लावल्यावानी हाय. लागतंय, पर लागत न्हाई."

त्याच सुमारास एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाच्या बशीत चहा सांडायचा.

महादेवप्पांचे गुडघे गेले होते. बाजारात दिवसभर उभं राहणं होत नव्हतं. दलाली हातात असते आणि हात घरात राहिला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या टॉवेलाकडे जातं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी घरीच पोराच्या हातावर टॉवेल टाकून पाहिला. दोन बोटं धरली तर तीन वाटायची. तरी एकदा ते त्याला बाजारात घेऊन गेले आणि एका गाईच्या सौद्याला उभं केलं. समोरच्या व्यापाऱ्याने थोड्या वेळाने हात बाहेर काढला.

"अप्पा, हा दोन म्हणतोय का तीन? का नुसताच नाचवतोय?"

हरिओम पलीकडेच होता. "म्हादप्पा, तुमच्या पोराचा हात व्हायब्रेटवर हाय! उचला की कुणीतरी फोन!"

लोक हसले. संगमेश्वर हसला नाही, त्याला राग आला नाही. टॉवेल घडी करून त्याने वडिलांच्या खांद्यावर ठेवला.

माळेगावची यात्रा तोंडावर आली होती. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही यात्रा म्हणजे जनावरांच्या दलालांची वर्षाची परीक्षा. तिथे हात दिसला तर वर्षभर गिऱ्हाईक येतं. महादेवप्पांनी घरात जाहीर केलं की गोळ्या बंद.

"मामा, डॉक्टरनी सांगितलंय, मनानं बंद करायच्या न्हाईत," अंबिका म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"डॉक्टर येणार हाय का बाजारला उभारायला? गोळ्या सुरू झाल्या अन् हात गेला. डोकं बरं झालं की आता. अजून किती दिवस खायच्या?"

"परत सुरू झालं मंग?"

"अन् हात गेल्यावर आपण काय खाणार? गोळ्याच का?" ते पोराकडे वळले. "संगू, तूच सांग."

"बंद करा म्हणता तर करू," संगमेश्वर म्हणाला.

अंबिकाने घ्या म्हटलं असतं तर तो घेऊ असं म्हणाला असता. त्याचं हो कशाचंच हो नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. ती ताटाशेजारी गोळी ठेवत राहिली आणि महादेवप्पा ती उचलत राहिले.

हळूहळू हात थांबला. एवढंच झालं असतं तरी महादेवप्पा जिंकले असते, पण आणखीही काही झालं. संगमेश्वरने आपणहून चहा मागितला. दूध घालायला स्वतः डेअरीवर गेला. आणि एका दुपारी पहिला घास घेऊन तो म्हणाला, "मीठ न्हाई भाजीत."

अंबिका स्वयंपाकघरात जाऊन मीठ घेऊन आली. "चार दिवस मलाबी वाटलं, मामाच खरे," ती सांगते. त्यानंतर तिने गोळी ताटाशेजारी ठेवणं बंद केलं.

गोळ्यांनी आलेला जडपणा उतरला होता, म्हणून तो मोकळा वाटत होता. औषधाची राखण उठलेली लगेच दिसत नाही. आजार परतायला काही आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत माणूस कधी कधी आधीपेक्षा बरा दिसतो. घरच्यांची फसगत इथेच होते.

माळेगावला पहिल्या दिवशी संगमेश्वरने लाल कंधारीच्या एका जोडीचा सौदा केला. हात पूर्वीसारखा मऊ आणि नेमका चालला. महादेवप्पांनी ओळखीच्या सगळ्यांना चहा पाजला. हरिओमलाही पाजला.

दुसऱ्या दिवशी थंडी वाढली. यात्रेच्या माळावर माणसं शाली, घोंगड्या, चादरी पांघरून फिरत होती. जिकडे बघावं तिकडे झाकलेले हात. दुपारच्या आधी संगमेश्वर जनावरांपासून उठला, टेम्पोंच्या रांगेच्या मागे गेला आणि त्याने अंबिकाला फोन लावला. आजारापासून त्याने कुणालाही आपणहून फोन केला नव्हता.

"अंबिका, शाली लई हायत इथं."

ती घरी भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला.

"हात दिसून राहिले का?"

"कुणाचेच न्हाई. सगळ्यांचे आत हायत."

"आवाज?"

"हाव. एक बोट म्हणतोय."

"अप्पा कुठं हायत? त्यांना द्या फोन."

"अप्पांचाबी हात आत हाय."

अंबिका म्हणाली, "फोन बंद नका करू. अप्पांकडं जावा, अन् त्यांना म्हणा, हात बाहेर काढा. तेवढंच म्हणा."

तो चालत गेला. तिला फोनमधून बैलांच्या घंटा आणि लाऊडस्पीकर ऐकू येत होता. मग त्याचा आवाज आला. "अप्पा, हात बाहेर काढा."

महादेवप्पांनी विचारलं नाही. त्यांनी दोन्ही हात शालीतून बाहेर काढले आणि पोरासमोर धरले, तळवे वर करून. या वेळी त्यांना हसू आलं नाही. जनावरं ओळखीच्या माणसाच्या हवाली करून ते पोराला घेऊन जीपने निघाले, आणि लातूर येईपर्यंत महादेवप्पांचे हात मांडीवर उघडे होते. जीपच्या काचा वर होत नव्हत्या. उतरताना त्यांची बोटं वळत नव्हती. दार दुसऱ्याने उघडलं.

अंबिका आधीच दवाखान्यात येऊन बसली होती. डॉ. मंजुश्रींनी गोळ्या का बंद केल्या ते विचारलं. महादेवप्पांनी हात थरथरण्याचं सांगितलं.

"हे मला का नाही सांगितलं?"

"आमाला वाटलं, हे बी आजारातलंच."

"हे गोळीमुळे होतं. पुष्कळांना होतं. गोळी बदलता येते, कमी करता येते, थरथर थांबायला दुसरी देता येते. मला कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग संगमेश्वरकडे वळून विचारलं, "फोन करायचं कसं सुचलं तुम्हाला?"

तो म्हणाला, "मागल्या टायमाला टॉवेल ओढला तर लोकांनी बांधलं. म्हणलं, आधी हिला विचारू, खरं हाय का."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. आजार परततोय हे रुग्णाला स्वतः ओळखता येणं आणि त्याने ते कुणाला तरी सांगणं, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं, असं त्यांनी अंबिकाला सांगितलं. या वेळी तिने सगळं ऐकलं.

तो काही दिवस दाखल होता. गोळी बदलली, थरथरीसाठी दुसरी आली. आवाज गेला. मोकळेपणाही गेला. चहा आपणहून मागणं थांबलं.

उन्हाळा संपताना महादेवप्पा त्याला पुन्हा बाजारात घेऊन गेले. हात जवळजवळ स्थिर होता. एक व्यापारी पुढे आला, महादेवप्पांनी टॉवेल काढून पोराकडे धरला. संगमेश्वरने हात पुढे केला नाही.

"टॉवेल नको, अप्पा. तोंडानं बोला म्हणावं."

"आरं, येडा का काय? बाजारात कुणी बोलतंय का?"

"टॉवेल टाकला की आत काय चाललंय वाटतंय. नको."

व्यापारी निघून गेला. दुसराही गेला. हरिओम मोठ्याने म्हणाला, "तोंडानं बोलायला हे काय मेथीची जुडी हाय का?" सकाळ तशीच गेली. महादेवप्पा टॉवेलाची घडी घालत होते आणि मोडत होते. गोळ्या सोडून हात परत मिळवायचा, की हात सोडून गोळ्या चालू ठेवायच्या, असा तिढा त्यांना वाटत आला होता. पोराने तो त्यांच्या देखत सोडवला होता, आणि त्यांना तो सुटलेला वाटत नव्हता.

सिद्धम्मा नावाची एक विधवा बाई आपली देवणी गाय घेऊन पलीकडे उभी होती. परक्या पुरुषाबरोबर बाईने टॉवेलाखाली हात घालायचा नसतो. त्यामुळे बाई जनावर विकायला आली तर दीर, भाऊ किंवा दलाल हात घालतो आणि बाहेर येऊन तिला एक आकडा सांगतो. आत काय ठरलं, ते तिला कळत नाही. सिद्धम्माने हे सगळं बोलणं ऐकलं होतं. ती गाय ओढत आली.

"तू तोंडानं बोलतोस का, बाबा?"

"हाव."

"मला ऐकू येईल असं?"

"हाव."

"मंग माझी गाय विकायला घे."

गाय चांगली होती, म्हणून गिऱ्हाईक थांबलं. संगमेश्वरने पहिला भाव मोठ्याने सांगितला. गिऱ्हाइकाने आजूबाजूला बघत आपला सांगितला. चार माणसं गोळा झाली, मग आणखी. टॉवेलाखाली जे कुणाला दिसत नाही ते ऐकायला सगळ्यांनाच हवं होतं. संगमेश्वर हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तसे आकडे सांगत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, त्यामुळे तो किती खाली येईल हे गिऱ्हाइकाला कळेना. सौदा ठरला. सिद्धम्माला प्रत्येक आकडा ऐकू आला होता.

पैसे घेतल्यावर ती त्याच्याकडे निरखून बघत राहिली. "तू हसत न्हाईस का रं कधी?"

"न्हाई."

"बरं हाय. मागल्या टायमाचा दलाल लई हसत होता."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. संगमेश्वरकडे बायकाच जास्त येतात, विधवा, नवरा बाहेरगावी असलेल्या, दिरावर भरवसा नसलेल्या. एका बाजारात एखादं जनावर, कधी दोन, कधी एकही नाही. जुने दलाल त्याच्या बाजूला उभे राहत नाहीत. हरिओम त्याला लाऊडस्पीकर म्हणतो. दुपारी तो थकतो आणि टेम्पोच्या सावलीत जाऊन बसतो. सौदा झाला की कसं वाटतं, असं अंबिकाने विचारलं होतं. काही नाही, असं तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही. मिठाची परीक्षाही ती आता घेत नाही. भाजी नीट करते. ताटाशेजारी गोळ्या ठेवते, आणि तो त्या उचलतो.

थंडीच्या दिवसांत महादेवप्पा संध्याकाळी ओट्यावर पोराशेजारी बसतात. शाल त्यांच्या खांद्यांवर असते, हात बाहेर.